तू न घासलेला ड्रम

शेवंता, तू दहा ड्रमांची किंमत घालवलीस. हे मी नाय म्हणत. मुंबईचा एक दाढीवाला म्हणाला, आपल्या ओटीवर बसून, आपला चहा पिऊन. तुला जाऊन तवा नऊ दिवस झाले होते. तू असतीस तर त्याच्या हातातला कप काढून घेतला असतास आणि विचारलं असतंस, "घालवली म्हंजे काय रं बाबा? चेपवलं काय मी?" मला ते जमलं नाय. 

त्याला बोलावलं मिलिंदनं. तू आजारी होतीस तवाच आपल्या पोरानं ड्रमांचे फोटो मोबाइलवर टाकले होते आणि मला सांगितलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. चपला खाली काढून आला, तुझ्या फोटोला हात जोडले, मला काका म्हणाला. तो स्टुडिओत ड्रम वाजवतो आणि जुने साइड ड्रम जमवतो. बँडवाला पट्ट्यानं गळ्यात अडकवून कमरेशी तिरका धरतो, दोन काठ्यांनी वाजवतो, ते आपलं डबडं जमवणारा दुसरा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मला वाटायचं हे येड मला एकट्यालाच हाय.

एकेक ड्रम त्यानं मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला, खिशातून भिंग काढून पितळेवर धरलं.

"काका, इथे कंपनीचं नाव कोरलेलं असणार."

"असंल."

"आता काहीच दिसत नाही. कशानं घासलात?"

"चिंच आनि राख."

"किती वेळा?"

"वरसातनं दोनदा. जयंतीला आनि दसऱ्याला."

"किती वर्षं?"

"तीसेक. जास्तच."

त्यानं डोळे मिटून घेतले. मयत माझ्या घरात झालंय का त्याच्या, असं वाटलं मला. मग तो समजावून सांगायला लागला. म्हणाला, जमवणारे लोक जुनेपणाचे पैसे देतात. पितळेवर वर्षानुवर्षं चढलेला काळसर थर, कोरलेलं नाव, नंबर, पहिल्यापासूनचं कातडं, हे असलं पाहिजे. तुम्ही ते सगळं धुऊन टाकलंत. वाजवायला ड्रम उत्तम आहेत, पण किंमत राहिली नाही. मिलिंद माझ्याकडं असं बघत होता, जसं काय चिंच मीच चोळली.

तर ऐक. नावावर तू जास्त जोर काढायचीस, हे मला म्हाईत हाय. ती कोरलेली अक्षरं इंग्रजी. मी चौथी, तू दुसरी. दोघांनाही वाचता येत नव्हती. तुला वाटायचं त्या बारीक खाचांत घाण बसते, म्हणून नारळाची शेंडी घेऊन तिथंच रगडायचीस. कुठल्या देशातल्या कुठल्या कारखान्याचं नाव तू मागच्या पडवीत बसून मोरीत सोडून दिलंस, कुणाला ठाऊक. मला त्याचं काय वाईट वाटत नाय. वाजवलं कुणी? त्यांनी का मी?

मी तुला एकदा म्हणालो होतो, कशाला हात फोडून घेतेस, आपण काय वाजाची पूजा करत नाय. तू म्हणालीस, "पूजा करायची नाय म्हनून काय घाण ठेवायची?" मग म्हणालीस, "आपला मानूस रस्त्यानं वाजवत जातो ना, तवा लोक आधी कपडे बघतात, मग वाजा बघतात, मग कान देतात. पयल्या दोन ठिकानी नाव ठेवायला जागा द्यायची नाय." कुडापाशी उन्हात दहा ड्रम उपडे पडलेले असायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतली माणसं माना वळवून बघायची. हे त्या दाढीवाल्याला कसं सांगायचं? त्याच्या भिंगात ते मावत नव्हतं.

आणि कातडं घरात आलंच ते तुझ्यामुळं. आबा आठवतो ना तुला, माझा बाप? धर्म बदलला तवा त्यानं गावकीची सगळी कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, दुसऱ्याच्या दारात वाजवायचं सोडलं. हलगी मोडून चुलीत घातली. मी पाळण्यात होतो, पण ती गोष्ट इतक्यांदा ऐकली की धूर माझ्याच डोळ्यांत गेलाय असं वाटतं. आणि आपल्या लग्नानंतर पेणचा एक बँड मोडला तवा तिथून मी पहिला साइड ड्रम आणला. दोन्ही तोंडांना कातडं. आबा उंबऱ्यावर बसला.

"कातडं घरात यायचं नाय."

तीन दिवस ड्रम शेजारच्या गोठ्यात, गवताखाली. चौथ्या दिवशी तू भाकऱ्या टाकता टाकता पदर सावरून बोललीस. 

"आबा, तुमच्या पायातली वहाण कशाची हाय?"

आबानं पायाकडं बघितलं.

"पायात चालतं, मंग खुंटीला का चालत नाय? आनि ही काय हलगी नाय. कुनी सांगावा धाडला म्हनून वाजवायची नाय ही. आपल्या मनाला आलं तर वाजवायची, ठरवून वाजवायची, बूट घालून वाजवायची."

आबा म्हणाला, "बूट कुठं हायत त्याच्याकडं?"

"घेतील."

आबा हसला गं. मला वाटतं त्या दिवशी तुला त्यानं सून म्हणून पहिल्यांदा मानलं. दुसऱ्या बाजाराला तू माझ्यासाठी कॅनव्हासचे पांढरे बूट घेऊन आलीस, एक नंबर मोठे. पुढं कापूस घालून मी चार वर्षं ते घातले.

त्यानंतर मला खोडच लागली. डीजे आला आणि आपल्या भागातले बँड एकामागोमाग बसले. कर्जतचा बसला, पनवेलकडचे दोन बसले. क्लॅरिनेटवाले रिक्षा चालवायला लागले आणि ड्रम भंगारात गेले. मी कंपनीतून सुटलो की खोपोलीच्या भंगारवाल्याकडं चक्कर मारायचो. तुला हे अजिबात आवडायचं नाय. तरी एकदा तू बरोबर होतीस. त्यानं ड्रम तराजूत टाकला, पितळेच्या भावानं. तू कमरेवर हात ठेवून त्याला म्हणालीस, "फोडलास तर पितळ, नाय फोडलास तर वाजा. पितळ म्हनून इकतोस ना? मंग फोड माझ्या म्होरं." त्यानं घण उचलला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, "ने बाई, द्यायचं ते दे." एसटीत बसल्यावर तू मला दम भरलास, आणखी एक आणला तर माहेरी जाईन म्हणून. आणि पुढच्याच महिन्यात स्वतः दोन तलंगा कोंबड्या देऊन एक ड्रम घेऊन आलीस, कातडं फाटलेला. "कातडं बसंपरेंत कामाला येईल," म्हणालीस आणि कोंबडीची पिलं त्याखाली झाकलीस. तुझा विरोध असला होता.

माझे कान कंपनीनं नेले. सत्तावीस वर्षं साजगावला मशीनशेजारी उभा होतो. जाड आवाज ऐकू यायचा, बारीक गेला. आणि साइड ड्रम म्हणजे बारकाई. काठाला आठ नट, ते सगळे सारखे आवळले तर कातडं सगळीकडं एक बोलतं, नायतर एका बाजूला रडतं. मग आपण तसं काम लावलं, तुझा कान आणि माझा हात. तू बोटानं प्रत्येक नटाजवळ टिचकी मारायचीस, गोल फिरत, आणि मी चावी धरून बसायचो. "ह्यो ढिला." मी फिरवायचो. "आनखी. आनखी. बास म्हटलं ना, बहिरा झालास काय?" एरवी तुमी, आणि या कामात तू. मला ते लई आवडायचं. कधी बोललो नाय, कारण बोललो असतो तर तू थांबली असतीस.

खालच्या कातड्याला तारा असतात, त्यांनीच तो छर्रर आवाज निघतो. त्या किती ताणायच्या हे तू एका झटक्यात सांगायचीस. मी वाजवून दाखवायचो, तू मान हलवायचीस, काठ्या माझ्या हातातून ओढून घ्यायचीस आणि "असं" म्हणून वाजवून दाखवायचीस. मी तीस वर्षं वाजवत होतो. तुझं "असं" माझ्यापेक्षा साफ होतं. हे आज लिहितोय. तुझ्या तोंडावर बोललो नाय. माझी मर्दानगी आड आली, दुसरं काय.

असो. दाढीवाल्याकडं येतो.

दहा ड्रम बघून तो उठायला निघाला. दहाचे मिळून चाळीस हजार म्हणाला, तेही वाजवायच्या कामाचे म्हणून. मिलिंद बोलला, "बाबा, माळ्यावर एक हाय ना?" मी नको म्हणायच्या आत तो शिडीवर चढला होता. पोतं खाली आलं. सुतळी सोडली. अठरा वर्षं त्या ड्रमाला उजेड दिसला नव्हता. काळा पडलेला, कडेला हिरवं चढलेलं. मला बघवेना. आणि तो दाढीवाला गुडघ्यावर बसला.  म्हणाला, नाव आहे. नंबर आहे. आतला कागद पण आहे, काका, आत चिकटवलेला कागद! कातडं मूळचं. असा ड्रम त्यानं नुसता फोटोत बघितला होता.

"या एकाचे सत्तर देतो. आजच."

मिलिंद खाली बसला.

"हा कसा राहिला?" त्यानं मला विचारलं. "बाकीचे सगळे घासले. मग हा का नाही घासला?"

"विसरली असंल."

खोटं बोललो. आठव्या नटातला केसाएवढा फरक जिला ऐकू येतो, ती अकरा ड्रमांतला एक विसरत नाय. अठरा वर्षं, वर्षातून दोनदा, तू दहा खाली काढायचीस आणि तो तसाच ठेवायचीस. मी शिडी धरून उभा असायचो. मी पण काय विचारायचो नाय. आपल्याला दोघांना ठाऊक होतं.

अठरा वर्षांपूर्वी, जयंतीच्या दोन दिवस आधी मी कंपनीच्या ओल्या पायरीवरून घसरलो आणि माझं डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. आपल्या वस्तीच्या बँडात साइड वाजवणारा मी एकटा. बाकी सगळे होते, पण साइडशिवाय मिरवणूक म्हणजे नुसती चाल. बँडाची पोरं आपल्या ओटीवर येऊन बसली. तू पाणी घेऊन आलीस, तांब्या ठेवलास आणि म्हणालीस, "मी वाजवते."

पोरं हसली. तू खुंटीवरचा हा ड्रम काढलास, नवीन आणलेला, जुना म्हणजे, पण आपल्याकडं नवीन. अजून एकदाही न घासलेला. पट्टा गळ्यात अडकवलास आणि वाजवलंस. कुणी हसलं नाय मग.

सकाळी तू पांढरी साडी नेसलीस. विहारापासून मिरवणूक निघाली तवा तू पहिल्या रांगेत होतीस. मी बाजूनं चालत होतो, हात गळ्यात. शेवंता, मी आयुष्यात चांगला ड्रम लई ऐकला, मिलटरीतल्या माणसाचा ऐकला, गोव्याच्या माणसाचा ऐकला. तुझ्यासारखा नाय ऐकला. बाया घरातून बाहेर येत होत्या. तुझी मैतरीण गुणाबाय दारात पिठाच्या हातानं उभी होती. तुझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि तू पुसायला थांबत नव्हतीस.

वडापर्यंत. तिथं रस्ता चौकाकडं वळतो आणि दुसऱ्या आळीची माणसं बघायला उभी असतात. तिथं पांडूदादा आडवा आला. कमिटीचा मोठा माणूस, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, भाषण करायला एक नंबर. म्हणाला, "बास झालं. इथपरेंत आपलं आपल्यात होतं. म्होरं चारचौघं हायत. बाईमानसानं रस्त्यात वाजवलं तर लोक तमाशा म्हनतील."

तू वाजवणं थांबवलं नाय. त्यानं पट्ट्याला हात घातला. तुझ्या गळ्यातून पट्टा वर उचलला.

तवा तू माझ्याकडं बघितलंस. पांडूदादाकडं नाय बघितलंस.

आणि मी काय म्हणालो? "दे गं, दे. जयंतीचा दिस हाय, कशाला वाद."

हेच शब्द. मी बदलून लिहू शकलो असतो, वाचणारं कोण हाय. पण हेच शब्द होते. माझ्या बापानं दुसऱ्यानं वाजव म्हटलं म्हणून वाजवायचं सोडलं, आणि मी दुसऱ्यानं नको म्हटलं म्हणून तुला थांबवलं. त्या वडाखाली, त्या दिवशी, निळ्या झेंड्याखाली. मी बाजूला उभा नव्हतो, मी त्यांच्यात होतो.

तू ड्रम काढून माझ्या चांगल्या हातात दिलास. चालत घरी गेलीस. मी मिरवणूक पुरी करून आलो तवा जेवण वाढलेलं होतं. "मीठ बराबर हाय का?" एवढंच विचारलंस. दुसऱ्या दिवशी ड्रम पोत्यात, पोतं माळ्यावर.

मी नंतर एक-दोनदा विषय काढला, नाय असं नाय. "अगं, राग सोड." तू म्हणायचीस, "कसला राग? मला राग करायला येळ तरी हाय का?" आणि दहा ड्रम घासायला बसायचीस. मला वाटायचं, चला, मिटलं. माझ्याच सोयीचं होतं तसं वाटणं. तू माझे नट लावून देत राहिलीस, माझे कपडे इस्त्री करत राहिलीस, मी वाजवत राहिलो. काठ्या ओढून घेऊन "असं" म्हणणं मात्र त्या जयंतीपासून बंद. मला कळलं होतं. मी न कळल्यासारखं केलं. आणि आता कुणाशी भांडू? त्या वेळी तू दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं गं. तू सरळ वाटेनं कधी शिक्षा दिली नाय.

तर दाढीवाल्याच्या हिशेबानं ते असं बसलं. ज्याला तू माया लावलीस ते मातीमोल आणि ज्याच्यावर राग धरलास ते सत्तर हजार. तो म्हणाला, विचार करा, रविवारी गाडी घेऊन येतो, तोपर्यंत याला काहीही करू नका, फडक्यानं पुसू पण नका.

तो गेल्यावर मिलिंद आणि मी भांडलो. पोराची पण चूक नाय. रसायनीला कंत्राटावर हाय, कधी घरी बसवतील सांगता येत नाय.

"बाबा, पत्रे काढून वर स्लॅब पडंल. दहा तुमी ठेवा ना, मी कुठं नाय म्हनतो? ह्यो काळा, कुनी वाजवत पन नाय ह्यो."

"नाय."

"आई असती तर बोलली असती, इका."

"आई असती तर तिला इचारलं असतंस. ती नाय म्हनून मला इचारतोस. मी नाय म्हनतो."

"पन का?"

का ते मला सांगता आलं नाय. मिलिंद त्या वेळी पुण्याला नोकरीला होता, त्याला वडाखालचं म्हाईत नाय. कुणी सांगितलंच नव्हतं. तू सांगितलं नाय आणि मी कशाला सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मी चिंच भिजत घातली. खरं सांगतो. म्हटलं, रगडून काढतो तिच्यायला. नाव जाऊ दे, नंबर जाऊ दे, सत्तराचे सात होऊ दे. मग ना मिलिंद बोलंल ना तो दाढीवाला. पडवीत तुझ्या पाटावर बसलो, शेंडी घेतली, राख घेतली. ड्रम मांडीवर. तू कसा धरायचीस तेही मला नीट ठाऊक नव्हतं, मी एवढ्या वर्षांत एकदाही घासला नव्हता. काठाला हाताचा ठसा दिसला. काळ्यात काळा, चार बोटं. तुझी का पांडूदादाची, मला काय कळणार. घामाचा हात लागला की पितळ तिथं जास्त काळं पडतं, एवढं मला म्हाईत हाय.

मी उठलो. चिंच मोरीत फेकली. हे चकचकीत करून टाकणं म्हणजे तू अठरा वर्षं जे ठेवलंस ते माझ्या हातानं पुसणं झालं असतं. एकदा तुझ्या गळ्यातून ड्रम काढून घेतला, आता तुझा राग पण काढून घेऊ? तेवढा हरामखोर मी नाय. होतो. आता नाय.

रविवारी सकाळी विहारात तुझं पुण्यानुमोदन होतं. वस्ती सगळी आली होती. वंदना झाली, मग माणसं बोलायला उठली. शेवंताबाय अशी, शेवंताबाय तशी. पांडूदादा आता ऐंशीला टेकलाय, काठीवर येतो, तो पण उठला. म्हणाला, "बाई सोज्वळ. उभ्या जन्मात कधी कुनाला उलटून बोलली नाय."

मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. मी घरी गेलो. दोनशे पावलं हाय विहार. पोतं उचललं, परत आलो, आणि सगळ्यांच्या मधी सतरंजीवर तो काळा ड्रम ठेवला. मिलिंद उठून धावत आला, त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी त्याला बस म्हणालो. बसला.

मी म्हणालो, "दादा, ह्यो वळखीचा हाय का?"

पांडूदादानं चष्मा वर केला.

"वडाखाली तुमी ह्यो तिच्या गळ्यातनं काढला. ती उलटून बोलली नाय हे खरं. तिनं ह्यो घासला नाय. अठरा वरसं. बघा, हात लावून बघा किती काळा हाय."

"अरं, तवा काळच तसा होता," पांडूदादा म्हणाला.

"काळ नव्हता. आपन होतो. तू होतास आनि मी होतो." उभ्या जन्मात त्याला पहिल्यांदा तू म्हणालो. "तू काढलास आनि मी दे म्हनालो. तू मेलास तर मी बोलायला येईन, मी मेलो तर तू येशील, आनि दोघं पन चांगलंच बोलू. म्हनून आज बोलतो. आपन दोघांनी तिच्या तोंडावर मारलं. आपल्याच दिवशी."

 मग कमिटीतला एक जण उठून म्हणाला, "काका, आजचा दिस बरा नाय ह्यासाठी."

"कुठला बरा हाय सांग, मी त्या दिवशी येतो." मी खाली बसायला तयार नव्हतो.  "येत्या जयंतीला म्होरच्या रांगेत ह्यो ड्रम निघंल. बाईच्या गळ्यात. वडापरेंत नाय, चौकापरेंत. आनि तसं नसंल तर माझ्या घरचा एक पन ड्रम निघनार नाय. लावा तुमचा डीजे."

पांडूदादा खाली बसला. त्याचा हात ड्रमाच्या काठावर गेला, तिथंच राहिला. काय मनात होतं मला म्हाईत नाय आणि मी विचारलं पण नाय. सगळ्यांची मनं मी कशाला सांभाळू?

मी बायांच्या बाजूला बघितलं. मला वाटलं, झालं, मी एकटाच बोंबलून गेलो. आणि मग मागून गुणाबाय बोलली, तुझी गुणी, आता गुडघे धरून उठते ती.

"किती जड हाय रं ते?"

मी म्हणालो, "हाय जड. तिनं वडापरेंत नेलं होतं."

"मी बघितलं होतं. माझ्या हाताला पीठ होतं म्हनून आले नाय, नायतर तवाच त्या पांडूच्या..." पुढचं ती विहारात बोलली नाय. पुढं आली, वाकून ड्रम उचलायला गेली, उचलला नाय, परत जोर लावला, उचलला. पट्टा गळ्यात घातला. ड्रम तिच्या गुडघ्यावर आपटला. बाया हसल्या, आणि शेवंता, तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक हसले याचा मला राग आला नाय.

"वाजवायला येतं का गं तुला?" मी विचारलं.

"नाय येत. तू शिकीव."

"मला ऐकू येत नाय नीट."

"मला येतं की. तू हात दाखीव."

तिच्या मागून अजून दोघी उठल्या. दाढीवाल्याला मिलिंदनंच फोन केला. मी सांगितलं नव्हतं. विहाराच्या पायरीवर उभा राहून तो बोलत होता, मला तुकडे ऐकू आले, "नाही दादा, नाही विकायचा. आईचा आहे." दाढीवाला पलीकडून काय म्हणाला ठाऊक नाय. मग मिलिंद आत आला आणि माझ्याशेजारी बसला. वडाखाली काय झालं ते त्यानं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाय. बरोबर केलं त्यानं.

आज सकाळपासून त्या काळ्या ड्रमाच्या पट्ट्याचं काम चाललंय, गुणाबायसाठी. ती बुटकी, तू उंच. बक्कल तुझ्या मापावर हाय, तिच्या खांद्यावरून ते खाली येतं. जुना चामड्याचा पट्टा, त्यात नवं भोक पाडलं तर दाढीवाला कपाळावर हात मारून घेईल. मी आरी तापवलीय. तुझं माप तसंच ठेवतो. त्याच्या वर चार बोटं सोडून तिच्यासाठी पाडतोय.